पट्ट्याचं दुसरं टोक

भिंगरी पहिल्यांदा हरवली ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात. बाप शर्टांच्या कॉलरी उलटसुलट करून बघत होता, आई भाव करत होती, आणि दोघांनाही ती दुसऱ्यापाशी आहे असं वाटत होतं. जगातली बहुतेक मुलं आईबापांच्या एकमेकांवरच्या अशा विश्वासापायीच हरवत असावीत. मग शोधाशोध सुरू झाली. बापाने कपडे घालून बघायच्या खोलीचं दार धाडकन उघडलं, तेव्हा आत एक वजनदार गृहस्थ एक पाय पँटीत आणि एक पाय हवेत अशा अवस्थेत उभे होते. त्यांनी जे ऐकवलं ते लिहिण्याजोगं नाही. शेवटी भिंगरी सापडली ती दुकानाच्या दर्शनी काचेत, नटूनथटून उभ्या केलेल्या पुतळ्यांच्या मधोमध. काचेला नाक चपटं करून ती रस्त्यावरच्या लोकांना वेडावत होती आणि बाहेर बरीच गर्दी जमली होती. दुकानदार खूश होता. "रविवारी घेऊन येत जा," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा ती बसस्थानकावर हरवली. एका परक्या कुटुंबाच्या ट्रंकेवर बसून ती त्यांचा बिस्किटांचा पुडा संपवत होती आणि ते कुटुंब तिला हसतखेळत सांभाळत होतं. नवऱ्याकडच्यांना ती बायकोकडची वाटली होती, बायकोकडच्यांना नवऱ्याकडची. आणखी थोडा वेळ गेला असता तर भिंगरी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढली असती आणि पुढच्या गावी पोचल्यावर तिच्यावरून त्या घरात भांडण लागलं असतं.

त्या रात्री भिंगरीच्या बापाला जेवण गेलं नाही. तो पाणीपुरवठा खात्यात आरेखक होता. कुठलं पाणी कुठून निघतं, कुठे वळतं आणि कुठे गळतं, हे कागदावर काढून दाखवणं हे त्याचं काम. गळतीच्या बाबतीत त्याची मतं ठाम होती. पाण्याला उपदेश करून गळती थांबत नाही, तिथे काहीतरी बसवावं लागतं.

"मी एक पट्टा बनवतो," तो बायकोला म्हणाला. "एक टोक तिच्या कमरेला, एक माझ्या मनगटाला."

बायको वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर चिडलेल्या माणसांशी थंड आवाजात बोलून तिचा तो आवाज घरीही तसाच राहायचा. "बनवा," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील त्याची तयारी ठेवा मात्र."

"लोकांचं मी बघतो," आरेखक म्हणाला. या वाक्यात पुढे काय काय वाढून ठेवलं होतं, याची त्याला कल्पना नव्हती.

त्याने रीतसर आराखडा काढला. समोरून भिंगरी, बाजूने भिंगरी, वरून भिंगरी. वरून काढलेल्या चित्रात नुसता एक गोल आणि दोन वेण्या दिसत होत्या. खात्यातल्या एका सहकाऱ्याने ते चित्र बघून ही टाकी कुठे बांधायची आहे असं विचारलं. मोजमापं घेताना भिंगरी स्थिर राहीना, तेव्हा तिची कंबर तीनदा मोजून सरासरी काढावी लागली. मग बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून दप्तराच्या जाड पट्ट्याचा कमरपट्टा शिवून घेतला. त्याला पुढच्या बाजूने दाबून उघडायचा खटका, मागे कडी, आणि कडीला चांगली लांब दोरी. दोरीचं दुसरं टोक बापाच्या मनगटात. रंग लाल.

भिंगरीला पट्टा इतका आवडला की पहिल्या दिवशी ती तो काढायलाच तयार होईना. तिने त्याचं नाव शेपटी ठेवलं. जेवताना शेपटी, अभ्यासाच्या नावाखाली भिंतीवर रेघोट्या मारताना शेपटी, झोपतानाही शेपटी. बाकी कोणाला आवडो न आवडो, जिला बांधायचं तिची तक्रार नव्हती, आणि आरेखकाच्या मते विषय तिथेच संपायला हवा होता.

विषय जिन्यातच सुरू झाला. तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. सगळी इमारत त्यांना हेडसर म्हणे. दार उघडं टाकून ते अशा बेताने बसत की येणाऱ्याजाणाऱ्याला हजेरी दिल्यावाचून पुढे जाता येऊ नये. त्यांनी आधी भिंगरीकडे बघितलं, मग दोरीकडे, मग दोरी जिथे संपत होती त्या मनगटाकडे.

"मुलांना आतून वळण लागलं पाहिजे," हेडसर म्हणाले. "बाहेरून बांधून काय साधतं?"

"आतून लागेपर्यंत बाहेरून बांधतो, सर."

"मी हजारो मुलं सांभाळली. एकाला दोरी लावली नाही."

"तुमच्या शाळेला कुंपण होतं, सर. आणि फाटकाला कुलूप."

हेडसरांना उलट उत्तराची सवय नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांच्या शाळेत हा शिक्षेचा पहिला टप्पा मानला जाई.

समोरच्या दारातल्या काकू याहून मोकळ्या स्वभावाच्या. "अगंबाई, कुत्र्यासारखी बांधलीये पोरीला," त्या दारातूनच म्हणाल्या. "आमच्या वेळी मुलं हरवतच नसत." काकूंचा स्वतःचा मुलगा मिसरूड फुटल्यावर जो घराबाहेर पडला होता तो अजून फिरकला नव्हता, पण त्याला हरवणं म्हणत नसावेत.

नुसती नावं ठेवून थांबतील ते शेजारी कसले. प्रत्येकाकडे आपापला उपाय होता. हेडसरांनी पिवळी टोपी सुचवली. गर्दीत पिवळा रंग उठून दिसतो, सहलीला ते सगळ्या वर्गाला पिवळ्या टोप्या घालत. काकूंनी एक छोटी घंटा आणून दिली, गळ्यात बांधायला. मुलीला कुत्र्यासारखं बांधू नये, पण गाईसारखं बांधायला त्यांची हरकत नव्हती. गच्चीवर राहणाऱ्या एका माणसाने शिट्टी दिली. बायको प्रत्येकाला "आपली सूचना नोंदवून घेतली आहे" असं सांगून वस्तू ठेवून घेत होती.

पण या सगळ्या सल्ल्यांच्या शेवटी एकच वाक्य यायचं, आणि आरेखकाला खरी चीड त्याची होती. "एवढ्या गर्दीत लहान मुलांना न्यायचंच कशाला?"

हे वाक्य ऐकलं की त्याचं डोकं फिरायचं. मग मुलीने काय कपाटात राहायचं? मोठ्या माणसांनी गर्दी करायची, मोठ्या माणसांनी धक्के मारायचे, आणि लहान माणसांनी घरी बसायचं, हा कुठला न्याय? भिंगरीला हत्तीएवढी फुलं बघायची होती, बँड ऐकायचा होता, आइस्क्रीम सांडायचं होतं. हे सगळं जिथे असतं तिथे गर्दी असते. त्याने ठरवलं की आता जिथे जिथे गर्दी असेल तिथे मुद्दाम जायचं, आणि पट्टा लावून जायचं.

तो रोज संध्याकाळी बाजारातून मिरवत जाऊ लागला. लोक वळून बघत. आरेखक मान ताठ ठेवून चाले, मात्र भिंगरीने मध्येच बैठक मारली की मनगटाला हिसका बसून ती मान आपोआप मागे वळायची. आठवड्याभरात इमारतीत त्याचं नामकरण झालं. पट्टेवाले. "पट्टेवाले आहेत का घरात?" हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. खात्यात साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारा, हाक मारली की फाइल नेणारा खरा पट्टेवाला होता. तोही एक दिवस गालातल्या गालात हसत म्हणाला, "आता आपण एकाच श्रेणीत आलो म्हणायचं." परीक्षा देऊन आरेखक झालेल्या माणसाला हे झोंबलं. पण त्याने पट्टा सोडला नाही. उलट बायकोला सांगितलं की रविवारी मोठ्या बागेत पुष्पप्रदर्शन आहे, सगळं गाव लोटणार आहे, आणि आपण जाणार आहोत.

रंगीत तालीम म्हणून तो भिंगरीला घेऊन रविवारच्या आधीच एकदा बागेच्या फाटकाशी जाऊन आला ते बरं झालं. रखवालदाराने हात आडवा केला.

"पट्टा आत चालत नाही."

"का?"

रखवालदाराने पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, पट्टा लावलेले अथवा न लावलेले प्राणी आत आणू नयेत.

"ही काय प्राणी आहे?" आरेखकाने विचारलं.

"ते मी कसं सांगू? मी पट्टा बघतो."

"पण पाटीवर पट्टा न लावलेलेही आणू नयेत असं आहे. मग पट्टा काढला तरी तुम्हाला ही प्राणीच वाटणार का?"

रखवालदाराने भिंगरीकडे निरखून बघितलं. ती त्याच्या स्टुलाखाली शिरली होती आणि तिथून भुंकत होती. "साहेबांना विचारा," तो म्हणाला.

साहेब म्हणजे उद्यान अधीक्षक. त्यांच्या टेबलावर खऱ्या बागेच्या मधोमध असूनही कागदी फुलं होती. त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं चाळली.

"यात मूल हा शब्दच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मुलांना बंदी नाही."

"परवानगीही नाही. आजवर कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मुलं येत होती. तुम्ही विचारून पंचाईत केलीत." त्यांनी पुन्हा पान उलटलं. "दोरी, पट्टे, साखळ्या हे सामान धरलं जातं. ते फाटकाशी जमा करावं लागेल."

"आणि मुलगी?"

"ती त्याला बांधलेली आहे, तुम्हीच म्हणताय."

आरेखक तिथून हलला नाही. मुलीला सामान म्हणून जमा करणार नाही, प्राणी म्हणून नोंदवणार नाही, आणि पट्टा काढणारही नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. हे तो एकदा बोलला, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बोलला, आणि भिंगरीने कागदी फुलांपैकी निम्मी उपटून केसांत खोचल्यावर अधीक्षकांना तिसऱ्यांदा ऐकायची इच्छा राहिली नाही. त्यांनी परवानगी दिली. अट एकच होती, प्रदर्शनात असेपर्यंत पट्ट्याचं टोक पालकाने हातातून क्षणभरही सोडू नये.

"सोडणार नाही," आरेखक म्हणाला. आणि पुढे जे झालं ते सगळं झालं तरी त्याने हा शब्द तंतोतंत पाळला, हे नमूद केलं पाहिजे.

रविवारी भिंगरीला पिवळी टोपी, गळ्यात घंटा, खिशात शिट्टी आणि कमरेला शेपटी असं सजवून कुटुंब निघालं. मागून हेडसर आणि काकूही निघाले. त्यांना फुलं बघायची होती असं ते म्हणत होते, पण सगळा वेळ त्यांची नजर दोरीवर होती.

फाटकाशीच पहिला धक्का बसला. कुठल्याशा खत कंपनीची माणसं आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर फुकट टोपी चढवत होती, आणि ती पिवळी होती. आत पाऊल टाकलं तर नजर जाईल तिथवर पिवळ्या टोप्यांचं शेत डोलत होतं. हेडसरांनी चष्मा काढून पुसला. थोडं पुढे गेल्यावर आइस्क्रीमच्या गाड्या लागल्या. प्रत्येक गाडीला घंटा, आणि तीही काकूंनी दिलेल्या घंटेसारखीच किणकिणणारी. राहिली शिट्टी. ती रस्ता मोकळा करणाऱ्या स्वयंसेवकांच्या तोंडात होती, डझनांनी. आरेखकाला आतून गुदगुल्या झाल्या. टोपी गेली, घंटा गेली, शिट्टी गेली. उरला फक्त पट्टा.

बायको रोपांच्या विक्रीच्या खिडकीकडे गेली. काकू गर्दीत मिसळल्या. आरेखक भिंगरीला घेऊन डेलियांच्या मांडवात शिरला. तिथे हत्तीएवढी नाही पण तिच्या तोंडाएवढी फुलं होती. आणि तिथेच हेडसरांनी त्याला गाठलं.

"टोपीचं सोडा," हेडसर म्हणाले. "मुद्दा टोपीचा नाहीच. मुद्दा मुलीच्या मनाचा आहे. तिला काय वाटत असेल? मोठी झाल्यावर ती हा अपमान विसरेल?"

आता मात्र आरेखकाला राहवलं नाही. तो हेडसरांकडे वळला. भिंगरीकडे त्यामुळे पाठ झाली. इतके दिवस मनात साठलेलं सगळं त्याने ओतलं. "तिला काय वाटतं हे तुम्ही तिला विचारलंत? रस्ते मोठ्यांच्या मापाचे, पायऱ्या मोठ्यांच्या मापाच्या, खिडक्या मोठ्यांच्या मापाच्या. तिला गर्दीत दिसतात फक्त गुडघे. त्या गुडघ्यांच्या जंगलात मी तिचा हात धरला तर तिचा खांदा दुखतो, सोडला तर ती जाते. हिला चार पावलं मोकळं पळता यावं म्हणून ही दोरी आहे, सर. बांधायला नाही." आजूबाजूची दोन-चार माणसं थांबून ऐकू लागली. आरेखक खुलला. वाक्यं सुचत गेली तसा तो बोलत गेला, आणि शेवटी "मी माझ्या मुलीला लपवणार नाही" असं म्हणून त्याने दोरी जराशी ओढली आणि ताठ मानेने मांडवाबाहेर पडला. एका बाईने मान डोलावली. हेडसर डेलियांकडे वळले.

दोरीचा ताण छान लागत होता. आज भिंगरी मध्येच बसत नव्हती, आडवी पळत नव्हती. रुळली, त्याने मनात म्हटलं. गुलाबांची सगळी रांग तो विजयी मिरवणुकीसारखा चालून गेला. कारंज्याशी आल्यावर त्याने मागे न बघताच विचारलं, "तहान लागली का गं?"

"लागली," मागून घोगरा आवाज आला.

आरेखक वळला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, लाल पट्टा पोटावर कसाबसा बसवलेला, पिवळी टोपी घातलेला एक गोलमटोल मुलगा उभा होता. त्याचं नाक वाहत होतं आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं.

"तू कोण?" आरेखकाने विचारलं.

"मी गाडी," मुलगा म्हणाला. "चला ना."

कारंज्याचं पाणी वर जाताना दिसत होतं, पण आवाज येईना. त्याने हाक मारली. घंटा किणकिणल्या, दहा दिशांनी. पिवळ्या टोप्या वळल्या, शेकडो. शिट्ट्या वाजतच होत्या. यांतली कुठलीच त्याची नव्हती. तो डेलियांच्या दिशेने पळत सुटला आणि दोरी मनगटात असल्यामुळे तो गोलमटोल मुलगाही मागून पळत सुटला. मुलगा आनंदाने खिदळत होता, पण लांबून बघणाऱ्याला ते काय कळणार.

"अहो, ते बघा," कोणीतरी ओरडलं. "तो माणूस पोराला बांधून पळवतोय."

पुढचं फार भराभर झालं. स्वयंसेवकांनी कडं केलं, कोणी कॉलर धरली, कोणी चपराक मारायची तयारी केली. "माझी मुलगी हरवली आहे," आरेखक परत परत सांगत होता, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांची नजर त्या मुलाकडे जात होती. "तुमचाच मुलगा आहे का हा?" "नाही." "मग बांधला का आहे?" याला थोडक्यात उत्तर नव्हतं. रखवालदार आला. त्याने पट्टा बघितला आणि "मी तेव्हाच सांगत होतो" असं म्हणाला. तेव्हा त्याने फक्त पाटी दाखवली होती.

सगळ्यांना अधीक्षकांच्या तंबूत नेलं. तिथे ध्वनिक्षेपकावरून एक माणूस कुंड्यांचे निकाल वाचत होता. आरेखकाने आयुष्यात कधी कोणाला हात जोडले नव्हते, त्याने जोडले. "मला आधी तिला शोधू द्या. मग मला कुठेही बसवा."

"आधी या मुलाची नोंद होऊ द्या," अधीक्षक म्हणाले.

तेवढ्यात बायको हातात मोगऱ्याचं रोप घेऊन धावत आली. तिने नवऱ्याचा चेहरा बघितला, दोरी बघितली, मुलगा बघितला. काय झालं हे तिने विचारलं नाही. रोप टेबलावर ठेवलं आणि निकाल वाचणाऱ्याच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"कृपया लक्ष द्या," ती म्हणाली. तोच तो थंड आवाज, फक्त शेवटच्या अक्षराला किंचित हलला. "दोन वेण्या, निळा झगा, गळ्यात घंटा, वय साडेतीन. ज्याला दिसेल त्याने तिला तिथेच थांबवून ठेवावं, हलवू नये. तसंच एक गोरा, जाड, सर्दी झालेला मुलगा अधीक्षकांच्या तंबूत सुखरूप आहे. त्याच्या पालकांनी यावं. आम्ही गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." शेवटचं वाक्य सवयीने निघालं.

मुलाची आई आली ती कडेवर एक आणि पदराला एक अशी दोन पोरं घेऊन. तिचे केस सुटले होते आणि रडून डोळे लाल झाले होते. तिने गोलमटोल मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की कडेवरचं पोर चेपलं.

"बाई, हा माणूस तुमच्या मुलाला बांधून पळवत होता," रखवालदार म्हणाला. "तक्रार द्या."

बाईने आरेखकाकडे बघितलं, मग दोरीकडे. "आल्यापासून याला शोधतेय मी," ती म्हणाली. "फाटकातून सुटला तो सुटलाच. यांनी बांधला म्हणून सापडला. मी कसली तक्रार देऊ?" आणि ती मुलाकडे वळली. "काय रे, हा पट्टा तुला कोणी घातला?"

"ताईनं," मुलगा म्हणाला. "एक चक्कर माझी. मग परत तिथे. माझी चक्कर संपलीच नाही." आणि कोणी काही म्हणायच्या आत तो तंबूबाहेर चालू लागला. दोरी ताणली गेली. आरेखक दोरीमागे निघाला, त्याच्यामागे बायको, ती आई, अधीक्षक, रखवालदार आणि वाटेत सामील झालेले हेडसर. इतकी सगळी वजनदार मंडळी एका सर्दी झालेल्या गाडीच्या मागे चालत होती आणि कोणालाही त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं.

गाडी गुलाबांवरून वळली, डेलियांच्या मांडवात शिरली आणि मागच्या कोपऱ्यात थांबली. रिकाम्या कुंड्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या आडोशाला.

तिथे मुलांची एक रांग उभी होती. सरळ, शहाणी, एकामागे एक. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. आणि रांगेत पहिली भिंगरी होती.

जन्मल्यापासून जी एका जागी उभी राहिली नव्हती, ती दोन्ही पाय जुळवून, हाताची घडी घालून उभी होती. बापाला बघून ती हसली नाही. चिडलीच. "किती उशीर," ती म्हणाली. "आता माझा नंबर. मग हिचा, मग याचा."

आरेखकाने तिला उचलायचं ठरवलं होतं, रागवायचं ठरवलं होतं, दोन्हींची तयारी चालत येतानाच करून ठेवली होती. पण तो तिच्यासमोर मातीतच बसला. तिने मग त्याची मान धरली. बायको कुंड्यांकडे तोंड करून उभी राहिली, जणू तिला रिकाम्या कुंड्यांमध्ये फार रस होता.

"या मुलांचे आईबाप कुठे आहेत?" अधीक्षकांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. भिंगरीमागची मुलगी म्हणाली, तिची आजी कुठेतरी हरवली आहे. त्यामागच्या मुलाने सांगितलं की त्याला शेपटीत बसायचं आहे, बाकीचं नंतर. पट्ट्यासाठी रांग लागली तशी बागेतली सुटलेली पोरं एकेक करून तिथे येऊन उभी राहिली होती, आणि नंबर जाईल या भीतीने एकही हललं नव्हतं. रांगेच्या शेवटी समोरच्या काकू उभ्या होत्या.

"काकू, तुम्ही इथे?" बायकोने विचारलं.

"काहीतरी वाटतायत असं वाटलं," काकू म्हणाल्या. "रांग दिसली, उभी राहिले. मधे घुसणाऱ्या दोघांना मागे पाठवलं मी."

ध्वनिक्षेपकावरून हाका सुरू झाल्या आणि आईबाप धापा टाकत येऊ लागले. कोणी रडत होतं, कोणी पोराला बदडत होतं, कोणी दोन्ही करत होतं. पण मुलांना न्यायला गेलं की मुलं आक्रोश करत. त्यांचा नंबर यायचा होता. हेडसरांनी आपल्या सगळ्या अनुभवानिशी एकाला समजावून बघितलं. त्याने त्यांना चावायचा प्रयत्न केला.

अधीक्षकांना आता आपल्या पदाची आठवण झाली. "हे बघा," ते आरेखकाला म्हणाले, "जे झालं ते झालं. हा पट्टा माझ्याकडे जमा करा. आणि लिहून द्या की पुन्हा लहान मूल घेऊन गर्दीच्या ठिकाणी येणार नाही."

आरेखक उठला. पँटीच्या गुडघ्यांना माती लागली होती, कॉलर फाटली होती, इमारतीतली आणि गावातली सगळी ओळखीची माणसं बघत होती. हा त्याचा पट्टा अर्ध्या वाटेत फितूर झाला होता, हेही त्याला मान्य होतं. खटका मागे घ्यायला हवा, हे त्याने चालता चालताच मनात ठरवून टाकलं होतं.

"लिहून देणार नाही," तो म्हणाला. "येणार. पुढच्या रविवारी येणार आणि त्याच्या पुढच्याही. पट्टा घेऊन येणार. माझी मुलगी आज हरवली, माझ्या पाठीमागे हरवली, ती माझी चूक. पण त्यासाठी तिने घरी बसायचं नाही. बाग तिचीही आहे."

"नियमात..."

"नियमात मूल हा शब्द नाही, तुम्हीच सांगितलंत. मग आधी तो घाला."

त्याने गोलमटोल मुलाचा खटका उघडला, पट्टा भिंगरीच्या कमरेला बसवला आणि दोरी मनगटाला गुंडाळली. "एकेक चक्कर," तो रांगेला म्हणाला. "कारंज्यापर्यंत जाऊन परत. ज्याची झाली त्याने आईबापाचा हात धरायचा."

अधीक्षक पुढे झाले आणि वाट अडवून, दोरीसाठी हात पुढे करून उभे राहिले.

"साहेब," आरेखक म्हणाला, "रांग मागे आहे."

अधीक्षकांनी मागे बघितलं. इतके आईबाप, इतक्या पिवळ्या टोप्या, सगळे त्यांच्याकडेच बघत होते. शेवटी उभ्या असलेल्या काकू त्यांना जागा व्हावी म्हणून एक पाऊल पुढे सरकल्या.